आउटबोर्डचं गिअर ऑइल पुन्हा पुन्हा दुधाळ होतंय? पाणी कुठून शिरतं ते असं शोधा

गिअर ऑइल बदललं, नवं भरलं, चार-सहा फेऱ्या झाल्या आणि सहज म्हणून खालचा स्क्रू सैल केला, तर परत तेच. पांढुरकं, घट्टसर, साबण कालवल्यासारखं तेल. मग पुन्हा नवी बाटली, पुन्हा तोच खर्च. ही तक्रार असलेली आउटबोर्ड इंजिनं (होडीच्या मागच्या फळीवर टांगलेली) मी इतक्यांदा उघडली आहेत की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: "मागच्या वेळी तेल बदललंत तेव्हा स्क्रूंचे वॉशर बदलले होते का?" आणि बहुतेक वेळा समोरून येतं, "त्याला वॉशर असतात?"

तेल बदललं की आत आलेलं पाणी निघून जातं, पण ते ज्या वाटेनं आलं ती वाट तशीच उघडी राहते. ती वाट शोधायचा माझा क्रम खाली देतोय. आधी फुकटात होणारी तपासणी, मग थोड्या खर्चाची, आणि सगळ्यात शेवटी जिथे लोअर युनिट (इंजिनचा पंखा आणि गिअर असलेला खालचा भाग) खोलावं लागतं ती. घाई करून थेट सील (फिरत्या शाफ्टभोवतीचं रबरी कडं) बदलायला बसू नका. सील धडधाकट असताना ते काढून नवं ठोकलेलं आणि त्यात शाफ्टवर ओरखडा पाडून ठेवलेला मी पाहिलाय. साध्या वॉशरचं दुखणं असतं आणि त्यापायी शाफ्ट जातो.

लक्षणं

सगळ्यात ठळक खूण तेलाच्या रंगाची. तेल दुधाळ, करडं-पिवळट किंवा गढूळ दिसलं की आत पाणी आहे. कधी कधी इंजिन रात्रभर उभं राहिल्यावर खालचा स्क्रू सैल केला की आधी निथळ पाण्याचे थेंब पडतात आणि मागून तेल येतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं.

दुसरी खूण बाहेरून दिसते. होडी वर ओढून ठेवली की पंख्याच्या (प्रोपेलरच्या) हबखाली, म्हणजे मधल्या गाभ्याखाली, जमिनीवर तेलाचा डाग पडतो. उभ्या होडीच्या मागे पाण्यावर रंगीत तवंग पसरतो. तेलाची लेव्हल दर वेळी थोडी खालीच सापडते.

तिसरी खूण कानाला कळते आणि ती उशिरा येते. गिअर टाकताना नेहमीपेक्षा मोठा खट्ट आवाज, चालताना लोअर युनिटमधून घरघर किंवा शिट्टीसारखा सूर, जोर लागला की गिअर सटकणं. हे ऐकू येत असेल तर आत बेअरिंगला गंज चढून पुष्कळ दिवस झालेत असं समजा आणि सरळ "थांबायचं कुठे" या भागाकडे जा.

पाणी शिरतंच कसं?

हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या कशासाठी आहेत ते आपोआप कळेल.

लोअर युनिटमध्ये इंजिनकडून खाली आलेला ड्राइव्ह शाफ्ट, त्याच्या टोकाचा पिनिअन गिअर, आणि त्यात अडकणारे पुढचा व मागचा असे दोन गिअर असतात. हे सगळं तेलात बुडालेलं. जिथून शाफ्ट केसिंगच्या बाहेर येतो तिथे रबराच्या ओठाचे ऑइल सील असतात. पंख्याच्या शाफ्टवर बहुधा पाठीला पाठ लावून दोन बसवलेले असतात. एकाचा ओठ आतल्या बाजूला, तो तेल धरतो. दुसऱ्याचा बाहेरच्या बाजूला, तो पाणी अडवतो.

होडी जोरात चालवली की तेल तापतं, आतली हवा फुगते, दाब वाढतो. मग इंजिन बंद करून तुम्ही पाण्यात उभे राहता. गार पाण्यात गिअरकेस झपाट्याने थंड होतं, आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. कुठेही केसाएवढी फट असेल तर तिथून पाणी आत खेचलं जातं. म्हणून दिवसभर चालवताना काही होत नाही आणि संध्याकाळी होडी नुसती उभी असताना पाणी शिरतं. दर फेरीला थोडं थोडं. "मी तर कुठे आपटलो नाही, मग पाणी आलं कुठून?" याचं उत्तर बहुधा हेच असतं.

आधी खात्री करा की ते पाणीच आहे

फुकटातली तपासणी. खालच्या स्क्रूमधून थोडं तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, उजेडासमोर धरा आणि बाटली काही तास हलवू नका. होडी नुकतीच चालवली असेल तर तेलात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि तेही फिकट दिसतं. बुडबुडे निघून गेले की तेल निवळतं. पाणी असेल तर ते गढूळच राहतं, किंवा तळाशी वेगळा थर दिसतो. तळाशी थर दिसला नाही म्हणून पाणी नाही असं मात्र धरू नका. दात एकमेकांवर फिरताना तेल आणि पाणी असं काही घुसळलं जातं की ते दिवसचे दिवस वेगळं होत नाही.

जवळ त्याच तेलाचा नवा नमुना ठेवा. काही कंपन्यांचं गिअर ऑइल निळं असतं, काहींचं हिरवट, काहींचं मधासारखं. मूळ रंग माहीत नसला की नजर फसते. आणि नुसतं काळं पडलेलं तेल म्हणजे पाणी नव्हे. ते जुनं झालंय किंवा तापलंय, एवढंच.

पंख्याजवळचा काळा ओघळ बघूनही लोक घाबरतात. बऱ्याच इंजिनांचा धूर पंख्याच्या हबमधून बाहेर पडतो, आणि टू-स्ट्रोक असेल तर त्याबरोबर अर्धवट जळलेलं तेल व काजळी येते. ते बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा ओळखला की विसरत नाही. काजळीला पेट्रोल-धुराचा वास येतो. पुसून स्वच्छ करा, इंजिन उभं ठेवून एक रात्र जाऊ द्या. न चालवता सकाळी पुन्हा ओलं दिसलं तर मात्र ते गिअर ऑइलच.

काम सुरू करण्याआधी

किल स्विचची दोरी काढून ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये, स्पार्क प्लगच्या कॅप काढलेल्या. पंखा हातानं फिरवताना इंजिन चुकून सुरू झालं तर बोटं जातात. हे मी प्रत्येक वेळी करतो, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

पहिली तपासणी: दोन स्क्रू आणि त्यांचे वॉशर

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडलेली वाट. तेल बदलतानाच ही तपासणी होते, म्हणून तेल बदलायची रीतही इथेच सांगतो.

इंजिन अगदी सरळ उभं करा. तिरकं असेल तर जुनं तेल आत अडकून राहतं आणि नव्याची लेव्हलही चुकते. लोअर युनिटच्या बुडाशी एक स्क्रू असतो, तेल काढायचा आणि भरायचा. कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) आसपास वर दुसरा, हवा सुटायचा आणि लेव्हल बघायचा. काही मोठ्या इंजिनांना वर असे दोन स्क्रू असतात.

एका गोष्टीला फार जपा. काही इंजिनांत खालच्या स्क्रूच्या शेजारीच अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नाही! आतल्या शिफ्टच्या यंत्रणेला धरून ठेवणारी ती पिन असते. ती काढली तर आतला तुकडा जागचा हलतो, गिअर पडेनासा होतो, आणि मग लोअर युनिट खोलल्याशिवाय सुटका नाही. अशी दोन इंजिनं मी दुरुस्त केली आहेत, दोन्ही वेळा मालकानं निव्वळ तेल बदलायला घेतलं होतं. तेलाचा स्क्रू मोठ्या, रुंद डोक्याचा असतो आणि त्याखाली वॉशर दिसतो. शंका आली तर मॅन्युअलमधलं चित्र बघा.

स्क्रू अडकलेला असेल तर अरुंद पेचकसानं झटू नका, खाच जाते. खाचेत गच्च बसेल असं रुंद टोक घ्या. तरीही हलला नाही तर हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. तो ठोक्याबरोबर स्क्रू फिरवतो आणि टोकाला खाचेत दाबूनही धरतो.

आता वरचा स्क्रू बंदच ठेवून आधी खालचा सैल करा. पहिलं काय पडतं ते नीट बघा. पाणी असेल तर याच क्षणी दिसेल. मग वरचा काढा, हवा आत जाऊ लागली की तेल धारेनं वाहू लागतं. भांडं मोठं ठेवा. अर्धा-पाऊण तास निथळू द्या.

या वेळात दोन्ही स्क्रू हातात घेऊन बघा. काही स्क्रूंच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्याच्यावर मऊ, करड्या रंगाचा लेप असेल, बोटांमध्ये चोळला तर खरखर न लागणारा, तर ती नेहमीची झीज आहे. नव्या इंजिनात पहिल्यांदा तेल बदलताना तो जरा जास्तच असतो. पण नखात अडकतील अशा चिपा किंवा सुईसारखे तुकडे असतील तर गिअरचे दात किंवा बेअरिंग तुटतंय. तिथेच थांबा, नवं तेल भरू नका.

मग वॉशर. ते नायलॉनचे, फायबरचे किंवा मऊ धातूचे असतात आणि एकदा दाबले गेले की त्यांच्यावर स्क्रूच्या काठाची गोल खाच उमटते. तीच खाच पुन्हा त्याच जागी बसत नाही, आणि फट राहते. म्हणून दर वेळी दोन्ही वॉशर नवे. पूर्ण कामात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि लोक नेमकी हीच वाचवतात.

एक इंजिन मला चांगलं आठवतंय. मालकानं तीन वेळा तेल बदललं होतं, शेवटच्या वेळी नवे वॉशरही घातले होते. तरी तेल दुधाळ. मी वरच्या स्क्रूच्या भोकात टॉर्च मारली तर सगळं करडं, स्वच्छ दिसलं. टोकदार सळईनं बसकीच्या (वॉशर टेकतो त्या जागेच्या) कडेला जरा उचकटलं आणि पातळ करडी चकती सुटून हातात आली. जुना वॉशर! केसिंगच्याच रंगाचा झालेला, जागेवर चिकटून बसलेला, आणि नवा त्याच्यावर चढवलेला. दोन वॉशरमधून पाणी आरामात जात होतं. तेव्हापासून मी बसकीची जागा कापडानं पुसतो, नखानं चाचपतो, आणि चकाकता धातू दिसल्याशिवाय नवा वॉशर घालत नाही.

भरायचं खालून

यात चूक झाली की पुढची सगळी तपासणी फसते. तेल नेहमी खालच्या भोकातून, पंपानं किंवा ट्यूबनं वर ढकलायचं. वरून ओतलं तर आत हवेचे कप्पे अडकतात, लेव्हल भरलेली दिसते, आणि होडी चालवल्यावर हवा वर सरकून तेल कमी पडतं. मग वाटतं की गळतंय.

खालून हळूहळू भरत राहा, वरच्या भोकातून आधी बुडबुडे येतील, मग सलग तेल ओघळेल. थांबा. पंप न काढता आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसह बसवा. आता आत हवा जायला जागा नाही, म्हणून खालची नळी काढली तरी तेल भसकन सांडत नाही. नळी काढून पटकन खालचा स्क्रू लावा. पुसा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, वरचा उघडून लेव्हल पुन्हा बघा. थोडी उतरली असेल तर पुन्हा खालूनच भर घाला.

किती तेल गेलं ते लक्षात ठेवा. छोट्या इंजिनांत ते शंभर-दोनशे मिलिलिटर असतं, मोठ्यांत लिटरच्या आसपास. मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा बरंच कमी मावलं तर आत हवा आहे किंवा जुनं तेल पूर्ण निथळलेलं नाही.

तेल मॅन्युअल सांगेल तेच, बहुधा मरीन हायपॉइड गिअर ऑइल, एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल भरू नका. मरीन तेलात थोडंफार पाणी आलं तरी धातूवर थर टिकवणारे आणि गंज रोखणारे घटक असतात. इंजिनचं ऑइल तर इथे अजिबात चालत नाही. इथल्या गिअरचे दात एकमेकांवर जोरात दाबले जात फिरतात आणि तो दाब त्याला पेलत नाही. जुन्या, विजेवर गिअर बदलणाऱ्या काही मॉडेलांना मात्र वेगळंच खास तेल लागतं. तुमचं इंजिन तसलं असेल तर मॅन्युअलशिवाय काहीच भरू नका.

आता थांबून बघा

नवे वॉशर, नवं तेल. होडी पंधरा-वीस मिनिटं जोर लावून चालवा, मग तासभर पाण्यातच उभी राहू द्या. थंड होताना ओढ बसते ती याच वेळी. रात्रभर इंजिन सरळ उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू जेमतेम सैल करून चार थेंब घ्या. तेल स्वच्छ असेल तर आठ-दहा तास चालवल्यावर पुन्हा एकदा बघा. तेव्हाही स्वच्छ असेल तर काम झालं.

किंचित धुरकट दिसलं तर लगेच निराश होऊ नका. आतल्या कोपऱ्यांत जुनं दुधाळ तेल चिकटून राहिलेलं असतं, ते नव्यात मिसळतं. आणखी एकदा बदला. दुसऱ्यांदाही दुधाळ झालं तर वाट दुसरीकडे आहे.

दुसरी तपासणी: पंखा काढा, तंगूस शोधा

यालाही खर्च नाही, फक्त स्प्लिट पिन नवी लागते. पिन सरळ करून काढा, पंख्याच्या आणि कॅव्हिटेशन प्लेटच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवा म्हणजे पंखा फिरणार नाही, नट सोडा. पंखा, वॉशर, स्पेसर ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं कापडावर मांडून ठेवा. शाफ्टवर राहिलेला थ्रस्ट वॉशरही काढा. लोक इथपर्यंत येतात आणि तो तसाच सोडतात. तंगूस असतो नेमका त्याच्या मागे.

मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) पंख्याला गुंडाळला की वळत वळत शाफ्टवरून सीलकडे सरकतो. शाफ्ट फिरत असतो, तंगूस घासून गरम होतो, वितळतो आणि सीलच्या ओठाखाली घुसून बसतो. काढल्यावर तो दोऱ्यासारखा दिसतही नाही. मी काढलेलं एक कडं काळं, टणक आणि गुळगुळीत होतं, पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सीलचाच भाग वाटलं असतं. नखानं टोकरल्यावर एक पापुद्रा सुटला, आणि मग सात-आठ वेटोळी उलगडत गेली. खाली सीलचा ओठ एका बाजूनं कातरलेला.

तंगूस सापडला तर तो टोकदार चिमट्यानं, शाफ्टला न ओरखडता काढा. ओठ कापलेला दिसत असेल तर सील बदलावं लागणार. ओठ शाबूत दिसत असेल तर पुन्हा तेल भरून वरची चाचणी करा. नुसता तंगूस काढल्यानं गळती थांबल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, पण त्यावर विसंबून लांबच्या फेरीला जाऊ नका.

पंखा निघालाच आहे तर शाफ्टवर नख फिरवा. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे खाच पडली असेल तर नख अडकतं. अशा शाफ्टवर कितीही नवं सील घातलं तरी ते टिकणार नाही. "सील बदललं तरी महिन्याभरात तेच" अशा तक्रारीमागे ही खाच हमखास असते. परत बसवताना शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघणार नाही.

तिसरी तपासणी: शाफ्ट वाकलाय का?

पंखा कधी खडकाला, वाळूच्या दांड्याला किंवा ओंडक्याला आपटला असेल तर हे नक्की बघा. गिअर न्यूट्रलमध्ये. कॅव्हिटेशन प्लेटला एक तार किंवा पट्टी अशी बांधा की तिचं टोक शाफ्टच्या टोकापासून कागदाएवढ्या अंतरावर येईल. आता शाफ्ट हातानं सावकाश फिरवा. फट सगळीकडे सारखी राहिली तर शाफ्ट सरळ. एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूला दूर जातो, तर वाकलेला. वाकलेला शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला सीलला एका अंगानं रेटतो, सील लंबगोल झिजतं. चालवताना होडीच्या मागच्या फळीला जाणवणारी थरथरही बऱ्याचदा यामुळेच असते. शाफ्ट घरी सरळ करता येत नाही.

चौथी तपासणी: हवेचा दाब

इथपर्यंत वाट सापडली नसेल तर अंदाज बांधण्यापेक्षा दाबाची चाचणी करा. लागतं काय? हातपंप, कमी दाब दाखवणारा गेज, आणि वरच्या भोकात बसणारा जोड. तेल पूर्ण काढा, खालचा स्क्रू नव्या वॉशरसह बंद करा, वरच्या भोकात जोड लावा.

आधी दाब अगदी कमी ठेवा, ३ ते ५ पीएसआय. याला कारण आहे. सीलचा ओठ आतून येणाऱ्या दाबानं शाफ्टवर जास्त घट्ट दाबला जातो, म्हणून झिजलेलं सील जास्त दाबाला धरतं आणि कमी दाबाला गळतं. काटा पाच मिनिटं हलला नाही तर दाब हळूहळू १० पीएसआयपर्यंत न्या. त्यावर किती चालतो ते मॅन्युअलवर सोडा, स्वतःच्या मनानं वाढवू नका. कॉम्प्रेसरची नळी तर कधीच जोडू नका. क्षणात दाब चढतो आणि चांगलं सील जागेवरून उडतं.

दाब धरलेला असताना पंख्याचा शाफ्ट फिरवा, गिअर पुढे-मागे टाका. शाफ्ट स्थिर असताना न गळणारं सील तो फिरताना गळू शकतं. साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: खालचा स्क्रू, वरचा जोड, पंख्याचा शाफ्ट, बेअरिंग कॅरिअरची (शाफ्टचं बेअरिंग आणि सील धरणाऱ्या भागाची) कड, शिफ्ट रॉड (गिअर बदलणारी सळई). जिथे फुगा धरतो तिथे वाट.

काटा खाली येतोय पण बाहेर कुठेच फुगा नाही, तर संशय वरच्या बाजूवर. ड्राइव्ह शाफ्टची सील वॉटर पंपाच्या खाली, लोअर युनिटच्या माथ्यावर असतात, आणि लोअर युनिट उतरवल्याशिवाय ती दिसत नाहीत. ती तेलाच्या लेव्हलच्या वर असल्यामुळे होडी उभी असताना तिथून तेलाचा थेंबही टपकत नाही. जमिनीवर डाग नाही, पंख्यामागे कोरडं, तरी तेल दुधाळ. ही त्यांची ओळख. मागच्या काही महिन्यांत इम्पेलर (या पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र) बदलला असेल तर आधी तिथेच बघा. पंपाच्या बुडाखालचं पॅकिंग किंवा ओ-रिंग बसवताना दुमडली असण्याची शक्यता मोठी.

थांबायचं कुठे

स्क्रू, वॉशर, तेल, पंखा, तंगूस आणि दाबाची चाचणी एवढं काम काळजीनं करणाऱ्या कुणालाही जमतं. लोअर युनिट उतरवून वॉटर पंप आणि शिफ्ट रॉडची सील बदलणं हेही, मॅन्युअल समोर असेल आणि यापूर्वी इम्पेलर बदललेला असेल, तर जमण्यासारखं आहे. पुढे मेकॅनिककडे द्या. नेमकं केव्हा, ते सांगतो.

पंख्याच्या शाफ्टची सील बदलायला बहुतेक इंजिनांत बेअरिंग कॅरिअर बाहेर काढावा लागतो. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनात तो केसिंगला गंजून चिकटतो, त्याचे बोल्ट मुंडीपाशी तुटतात, आणि ओढायला खास पुलर लागतो. हातोडीनं ठोकून काढायला गेलं की ॲल्युमिनिअमचा कान तुटतो. पुलर नसेल तर सुरूच करू नका.

आत गिअर हलवावे लागत असतील तर अजिबात नको. गिअरच्या दातांमधली फट पातळ शिमनी (धातूच्या बारीक चकत्यांनी) इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवलेली असते. ती चुकली की आवाज येतो आणि थोड्याच तासांत दात खाल्ले जातात.

तेलात चिपा, लोअर युनिटमधून घरघर, गिअर सटकणं, वाकलेला किंवा खाच पडलेला शाफ्ट, केसिंगला तडा, स्क्रूच्या भोकातले आटे गेलेले: यातलं काहीही एक असेल तर होडी पाण्यात उतरवू नका. थंड प्रदेशात पाणी तसंच आत राहिलं आणि गोठलं तर ते फुगतं आणि केसिंग फोडतं, म्हणून हंगाम संपल्यावर इंजिन ठेवून देण्याआधी तेल बघणं तिथे टाळताच येत नाही.

मेकॅनिककडे जाताना दुधाळ तेलाची बाटली, काढलेले जुने वॉशर आणि दाब किती मिनिटांत किती उतरला याची नोंद बरोबर न्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि नसलेलं काम निघत नाही.

मधल्या काळात

तेल दुधाळ सापडलं आणि दुरुस्तीला आठवडा लागणार असेल तर इंजिन तसंच ठेवू नका. पाणी मिसळलेलं तेल धातूवर थर धरत नाही, आणि न चालवता ठेवलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात. खारं पाणी असेल तर फार लवकर. दुधाळ तेल काढून निथळू द्या, नवं गिअर ऑइल भरा, शाफ्ट हातानं दहा-वीस वेळा फिरवा म्हणजे ते सगळीकडे पोचेल, आणि इंजिन सरळ उभं ठेवा. हे तेल चालवण्यासाठी नाही, आतलं वाचवण्यासाठी आहे. दुरुस्तीच्या वेळी ते फेकावंच लागेल.

काढलेलं सगळं तेल झाकणाच्या डब्यात साठवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्यांकडे द्या. एक वाटीभर तेलही पाण्यावर पसरलं तर तवंग कितीतरी लांब जातो.

नियमित बदलासाठी मॅन्युअलचा आकडा खरा. बहुतेक इंजिनांना नवी असताना पहिल्या २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा असा तो असतो. मी मात्र या दुखण्यातून उठलेल्या इंजिनाचे चार थेंब पुढच्या हंगामभर दर महिन्याला काचेच्या बाटलीत घेतो, तारीख टाकतो, आणि मागच्या बाटलीशेजारी उजेडात धरून बघतो.